तेलाचा काटा

आयुष्यात मला फसवणारे पुष्कळ भेटले. मुंबईत भेटले, मोखाड्याच्या बाजारात भेटले, एक तर देवळाच्या पायरीवर भेटला. त्यांचा राग दोन-चार दिवस राहिला आणि ओसरला, कारण ते परके होते आणि परक्याकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं मला फसवलं तो राग मात्र अजून जागच्या जागी आहे. मी तसा तापट माणूस, नाकावर राग असणारा. पण हा राग नाकावरचा नाही, खूप आतला आहे.

त्या काळी जव्हार संस्थानात यंत्रावर चालणाऱ्या वस्तू बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सरकारच्या मोटारी, भात सडायचं एक यंत्र, आणि गावाबाहेरच्या तळ्यातली पेट्रोलवर चालणारी होडी. सरकार म्हणजे आमचे राजे. पाहुणे आले की त्यांना तळ्यात फिरवून आणायला ही होडी मुंबईहून जुनी विकत आणलेली होती. डहाणूपर्यंत ती आगगाडीनं आली आणि तिथून बैल जुंपून घाट चढवून वर आणली. वळणावळणाला अडकायची, मग झाडांच्या फांद्या तोडायच्या. वाटेतल्या पाड्यांवरची माणसं कामं टाकून बघायला यायची आणि मला विचारायची, "पाणी खाली दऱ्यात, आन् ही होडी डोंगरावर काय करतंय?"

होडीबरोबर मीही आलो होतो. मी मूळचा साखरशेतचा. घरची भात-नाचणीची शेती, आणि मला नांगराचा कंटाळा. म्हणून पोरवयात चुलत्याबरोबर मुंबईला गेलो आणि गोदीजवळ लाँचींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली लागलो. जव्हारची माणसं होडी घ्यायला आली तेव्हा उस्तादानं मला पुढे ढकललं, "हा तुमच्याच मुलखातला, याला घेऊन जा, नाहीतर महिन्यात यंत्राचं भंगार कराल." मी जव्हारला आलो आणि होडीवाला झालो. वडिलांना ते कधी पटलं नाही. यंत्र बंद पडलं की पोरगा परत नांगरावर येणार, असं ते चारचौघांत सांगत.

माझी नेमणूक हंगामी होती. गुढीपाडव्याला होडी पाण्यात उतरायची आणि दिवाळीनंतर बाहेर काढायची, कारण थंडीत सरकारस्वारी दौऱ्यावर आणि तिथून मुंबईला जायची. तेवढे महिने होडी शेडमध्ये आणि मी रिकामा. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी संस्थानच्या कारभाऱ्यांनी मला बोलावून सांगितलं, "पाडव्याला मोठे पाहुणे येतायत. होडी वेळेवर आणि नीट चालली, तर तुला कायम करतो. नाही चालली, तर मुंबईहून माणूस आणतो. दरवर्षी काही ना काही रडगाणं नको." रडगाणं मी एकदाच गायलं होतं, ते पेट्रोलमध्ये पाणी निघालं तेव्हा. पण कारभाऱ्यांशी वाद कोण घालणार? मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन तळ्यापर्यंत जवळजवळ पळतच गेलो.

पळत गेलो ते बहिणीला सांगायला. माझी थोरली बहीण आणि तिचा नवरा होडीच्या शेडलगतच्या पडवीत राहत होते. आक्काचं सासर वांगणी. तिथली जमीन म्हणजे दगडं आणि वर थोडी माती. भात कापून झालं की नवरा-बायको कोळशाच्या भट्ट्यांवर जायची आणि पाऊस तोंडावर आला की परत यायची. आक्काची दोन बाळं पोटातच गेली, दोन्ही भट्टीवर असताना. तिसऱ्यांदा तरी तिनं एका जागी राहावं म्हणून मीच कारभाऱ्यांपुढे हात जोडले आणि भावजींना शेडचे राखणदार म्हणून लावून घेतलं. आई गेल्यावर आक्कानं मला कडेवर घेऊन वाढवलं होतं, त्यामुळे हे काही मी उपकार म्हणून केलं नव्हतं. त्या थंडीत ती पोटुशी होती आणि पाडव्यानंतर महिनाभरानं ती बाळंत होणार होती. भावजी तिला पाण्याचा हंडासुद्धा उचलू देत नसत.

भावजी माणूस अबोल. बसल्याजागी हातात विळी नाहीतर सुरी, आणि काहीतरी लाकूड तासणं चालू. भोवरे, चमचे, खुंट्या. बोटं लांब आणि बारीक. त्या बोटांचा मला इंजिनात फार उपयोग व्हायचा, म्हणून मी त्यांना हळूहळू सगळं शिकवलं. कुठला पाना कुठं लागतो, कुठला नट उलट्या आट्याचा आहे, तेल कुठून निघून कुठं जातं, सगळं. त्यांना शिकायची हौस होती आणि मला शिकवायची. उन्हाळ्यात दुपारी आम्ही दोघं होडीखाली आडवे पडून यंत्राविषयी बोलायचो, आणि आक्का हसायची की या दोघांचंच लग्न लावायला हवं होतं.

होडी बाहेर काढली की दर वर्षी ठरलेली कामं असत. ओंडक्यांवरून ती शेडमध्ये ओढायची, पेट्रोल काढायचं, पाणी काढायचं. मग तेलाच्या काट्याची नळी. इंजिनातलं तेल किती दाबानं फिरतंय ते दाखवणारं एक घड्याळ चालवणाऱ्यासमोरच्या सागवानी फळीत बसवलेलं होतं. त्याला आम्ही काटा म्हणायचो. इंजिनापासून त्या काट्यापर्यंत तांब्याची एक बारीक नळी जायची. त्या नळीत तेल राहिलं तर गोंदासारखं चिकट होतं, म्हणून ती दोन्ही टोकांना सोडून निथळायची आणि उघडी राहिलेली सगळी तोंडं तेलाच्या चिंध्यांनी बांधून टाकायची. चिंध्या बांधायचं काम भावजींचं. त्या वर्षीही मी त्यांच्यावर सोपवलं आणि शेतीच्या कामाला साखरशेतला गेलो.

शिमगा झाला आणि मी परत आलो. होडी नव्यानं रंगवलेली, फळीला नवं वार्निश. हे कारभाऱ्यांनी मुद्दाम जव्हारच्या सुताराकडून करून घेतलं होतं आणि त्याला ओरखडा उठला तर कातडी सोलीन, असा दम भरला होता. भावजींनी माझं अर्धं काम आधीच उरकून ठेवलेलं. चिंध्या काढलेल्या, नळी जोडलेली. "वरचं टोक मी घट्ट केलंय," ते म्हणाले, "तू खालचं बघ." फळीमागं हात घालायला चार बोटांची फट, तिथं माझा पंजा जात नव्हता, त्यामुळे ते टोक दरवर्षी तेच लावायचे. मला बरं वाटलं. म्हटलं, तयार झाला आपला गडी.

इंजिन तापू नये म्हणून पाण्याचं पिंप जोडलं, तेल भरलं, हँडल मारलं. दुसऱ्या फेरीला इंजिन सुरू झालं. आवाज इतका गोड की आक्का पडवीतून उठून दाराशी आली. मी काट्याकडे बघितलं. काटा शून्यावर. वाटलं, थंड आहे, चढेल. चढला नाही. मी काचेवर टिचकी मारली, दुसरी मारली. काटा ढिम्म. उस्तादाचा एकच नियम होता, आणि तो त्यानं कानफटात मारून शिकवला होता. तेलाचा काटा शून्यावर असेल तर इंजिन चालवायचं नाही, आवाज कितीही चांगला असो. तेल फिरत नसलं तर आतला धातू धातूवर घासतो आणि इंजिन कायमचं जाम होऊन बसतं. मी पटकन बंद केलं.

मग शोध सुरू झाला. तेल पुरेसं आहे का? होतं. तेलाची जाळी तुंबली असेल? काढून पेट्रोलनं धुतली, स्वच्छ होती. खालचं टोक सैल करून इंजिन फिरवलं, तर तेल बाहेर आलं. पण किती जोरानं आलं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, ते सांगायलाच तर काटा असतो. राहिलं वरचं टोक. तिथपर्यंत तेल पोचत असेल तर बिघाड काट्यात, नसेल तर खाली. अगदी साधी परीक्षा. मी भावजींना सांगितलं, "वरचा नट सैल करा आणि बघा. मी हँडल फिरवतो."

मी फिरवलं. घाम निघेस्तोवर फिरवलं.

"तेल येतंय का, भावजी?"

फळीमागून आवाज आला, "नाय. कोरडं हाय."

"बोट लावून बघा."

"लावलंय. कोरडं."

त्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? उलट तपासायचं म्हणून नळी काढून द्यायला सांगितली. त्यांनी काढून दिली, मी फुंकून बघितली, आरपार साफ. परत लावायला दिली, पुन्हा तेच, "कोरडं हाय." काटाच काढून द्या म्हटलं तर म्हणाले, नट गच्च बसलाय, जोर केला तर काच जाईल. काटा तसा मागल्याच वर्षी नवा आणलेला, त्याच्यावर माझा संशयही नव्हता. आता खालून तेल निघतंय, नळी साफ आहे, आणि वर पोचत नाही, याचा अर्थ एकच. तेल ढकलणारा पंप थकला. फळी काढून स्वतः बघावं असं मनात आलं होतं. पण भावजी म्हणाले, "वार्निश खरवडंल. कारभारी तुलाच धरंल." मला वाटलं, माझी किती काळजी याला.

म्हणून मी पंप उघडला. पंप उघडायचा म्हणजे इंजिनाचं पोट फाडायचं. दोन दिवस मी त्यात घातले. आत बघतो तर पंप ठणठणीत, एक ओरखडा नाही. आणि उघडताना त्याच्या झाकणाखालचं, तेल गळू नये म्हणून बसवलेलं कागदी गास्केट फाटलं. ते जुनं होऊन चिकटून बसलेलं, फाटणारच होतं. तसला कागद जव्हारला मिळणं शक्य नव्हतं. मी मोखाड्याच्या बाजारात पायी गेलो. तिथं एक चांभार पातळ चामडं देतो असं कळलं होतं. चामड्याचं गास्केट कापलं, लावलं, इंजिन फिरवलं तर चहूबाजूंनी तेल गळायला लागलं. मग पुठ्ठ्याचं केलं. मग जुन्या पंचांगाचं जाड आवरण तेलात भिजवून केलं. भटजींनी ते दिलं, वर विचारलं, "ग्रहांचा काही उपयोग होईल का रे?" गळती तीच. आधी फक्त काटा चालत नव्हता. आता होडीच चालत नव्हती.

या सगळ्या दिवसांत भावजी माझ्या शेजारी होते. पाना मागितला की हातात पाना, कंदील मागितला की कंदील. मी शिव्या देत होतो, पंपाला, मुंबईच्या दुकानदाराला, स्वतःच्या अकलेला. ते ऐकत होते. आक्का मला भाकरी आणून द्यायची आणि म्हणायची, "भावा, जीव नको जाळू, यंत्रच हाय ते." तिचं तोंड उतरलेलं दिसायचं. मला वाटायचं, माझी नोकरी जाणार म्हणून हिचा जीव कासावीस होतोय. मी तिला उलट धीर द्यायचो. आज आठवलं तरी माझं डोकं फिरतं. मी तिला धीर देत होतो!

होडी अडल्याची बातमी कारभाऱ्यांपर्यंत गेलीच होती. पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा त्यांचा शिपाई निरोप घेऊन आला की मुंबईचा कारागीर डहाणूला उतरलाय, दुपारनंतर त्याला घेऊन साहेब स्वतः येतायत. भावजींना त्यांनी बंगल्यावर बोलावलं होतं, सामान उचलायला. ते गेले. शेडमध्ये मी एकटा राहिलो आणि मला फार राग आला. वार्निश गेलं खड्ड्यात, म्हटलं. नोकरी जाणारच आहे तर कातडी सोला. मी फळीच्या कडेची पितळी पट्टी उचकटली, फळीचे स्क्रू काढले आणि ती ओढून बाजूला केली.

काट्याच्या मागच्या तोंडावर कुंभारणीचं घर होतं. कुंभारीण म्हणजे ती लांब कंबरेची काळी-पिवळी माशी, जी चिखलाची गोळी गोळी आणून भिंतीवर, कोनाड्यात मडकं बांधते. अंगठ्याएवढं मडकं, नीट वळलेलं, वाळून टणक झालेलं, आणि ज्या भोकातून तेल काट्यात शिरायला हवं तेच त्यानं बुजवलेलं. क्षणभर मला हसूच आलं. एवढं इंजिन फाडलं आणि चोर निघाली माशी! भावजी इथं नाहीत हे विसरून मी त्यांना हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं होतं.

मग मला नळी दिसली. ती काट्याला जोडलेलीच नव्हती. तिचं टोक हळूच बाजूला वाकवलं होतं, मडक्याला धक्का लागू नये असं, आणि त्याच्या तोंडात एक खुंटी ठोकली होती. सागाची, गोल तासलेली, बरोब्बर मापाची. कुंभारीण खुंटी तासत नाही. ती सुरी कोणाची, ती बोटं कोणाची, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. नळी मला फुंकायला देताना त्यानं तेवढी खुंटी काढून घेतली असणार. दोनदा विचारलं होतं मी, तेल येतंय का. दोन्ही वेळेला त्या माणसानं खुंटीवर बोट ठेवून मला सांगितलं होतं, कोरडं हाय.

मी खाली बसलो. मागे पावलं वाजली. आक्का दारात उभी होती, एक हात पोटावर, एक कुडाला. फळी काढलेली तिला दिसली आणि ती पांढरी पडली.

"मोडलंस काय रं?" तिनं पहिलं हे विचारलं. माझं काय झालं, हे नाही.

तेव्हा मला सगळं कळलं. आमच्याकडे घरात कुंभारणीनं घर केलं की बाईला मूल होणार, ते जगणार, असं मानतात. आणि ती बाळंत होईपर्यंत ते घर मोडायचं नसतं. माझ्या आईनं माझ्या वेळी चुलीमागचं असं घर जपलं होतं म्हणे. शेड आणि पडवी एकाच छपराखाली, म्हणजे होडी आक्काच्याच घरात. आधीच्या दोन खेपांना भट्टीवरच्या झोपडीत कुंभारीण आली नव्हती. या खेपेला आली, आणि तिनं नेमकी काट्याची जागा धरली.

"नाही मोडलं," मी म्हटलं. "कधीपासून आहे?"

"पौषापासून. ह्यांची चिंधी सुटली व्हती. बांधाया गेले तं ती आत-बाहेर करत व्हती. आमी दोघांनी हात जोडले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

ती दाराशी खाली टेकली.

"आक्का, मी आठ-दहा दिवस मरतोय इथं. तू भाकरी घेऊन येत होतीस. मला का सांगितलं नाहीस? मी मोडलं असतं असं वाटलं तुला? मी?"

"तू नसतं मोडलं," ती म्हणाली. "मना ठावं हाय. पण तुला खोटं बोलता येत नाय, भावा. कारभाऱ्यानं इचारलं असतं, काटा का चालत नाय, तं तू सांगून टाकलं असतं. मंग त्यानं मोडाया लावलं असतं. तो काय ऐकतो काय आपलं?"

मला तिनं एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. उपाय तर किती सोपा होता! काटा घरासकट काढून बाजूला ठेवायचा, भोक बुजवायचं, आणि नळीच्या तोंडाशी येणारं तेल बोटानं तपासत होडी चालवायची. किंवा मुंबईहून दुसरा काटा मागवायचा, मला आधी कळलं असतं तर पाडव्याच्या आत आला असता. पंपाला हात लावायची गरजच नव्हती. पण त्यांनी मला विचारलंच नाही. दोघांनी बसून ठरवलं की याच्यापासून लपवायचं, याला फिरू दे गोल गोल. मी लावून दिलेल्या नोकरीत, मी शिकवलेल्या विद्येनं, त्यांनी माझा केसानं गळा कापला. आणि कारण काय, तर मी खरं बोलतो म्हणून.

लांबून मोटारीचा आवाज आला. मी पाना घेतला आणि काट्याचा नट सोडवला. गच्च वगैरे काही नव्हता, एका झटक्यात निघाला. काटा मडक्यासकट हातात आला. तो तिच्या पदरात ठेवला.

"ने आत. कोनाड्यात ठेव."

"हालवला तं चालंल काय?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत? एकाच छपराखाली आहे. ने."

ती गेली. फळीत गोल भोक राहिलं. मी खुंटी खिशात टाकली.

कारभारी आत आले, मागे मुंबईचा कारागीर, आणि त्याच्या मागे पेटी डोक्यावर घेतलेले भावजी. कारभाऱ्यांनी आधी इंजिन बघितलं, मग ओरखडे उठलेली फळी, मग ते भोक.

"काटा कुठाय?"

"फुटला साहेब. काढताना माझ्या हातून पडला."

"तुकडे?"

"तळ्यात टाकले."

हे मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. एकदाही अडखळलो नाही. पडवीच्या कुडाला फटी आहेत, पलीकडे आक्का उभी होती आणि तिला प्रत्येक शब्द ऐकू जात होता. पुढे कधीतरी खरं कळल्यावर लोक म्हणायचे की भावानं बहिणीसाठी केवढं केलं. तसं काही नव्हतं. मी ते तिला ऐकवण्यासाठी केलं. घे, येतं मला खोटं बोलता. येतं की नाही बघ.

कारभारी भावजींकडे वळले. "तू इथंच असतोस ना रे? काय केलं यानं?"

भावजींनी पेटी खाली ठेवली. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी जमिनीकडे बघितलं.

"मना यंतरातलं काय कळतं, सायेब? त्यानं उघडलं तवा मी भायेर व्हतो."

मला आधीचं सगळं एक वेळ समजलं असतं. बायकोच्या पोटातल्या जिवासाठी माणूस खोटं बोलतो. पण तोपर्यंत काटा कोनाड्यात सुखरूप गेला होता, मडक्याला कोणी हात लावणार नव्हतं, आणि काटा फळीत नाही म्हणजे आता जपायचं काही उरलं नाही, हे त्याला त्या रिकाम्या भोकाकडे बघून कळलंच असणार. हे खोटं बाळासाठी नव्हतं. हे पडवीसाठी होतं, राखणदारीसाठी होतं. कारभाऱ्यांनी माझ्याकडून शेडची किल्ली मागून घेतली आणि ती भावजींच्या हातात दिली. मुंबईच्या कारागिरानं पेटी उघडली. त्यात गास्केटचा कागद गुंडाळी करून ठेवलेला होता. त्यानं काट्याच्या नळीच्या जागी एक बोल्ट बसवून भोक बंद केलं आणि काट्यावाचूनच होडी चालवायचं ठरवलं. तसं केलेलं चालतं हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

पाडव्याला होडी पाण्यात उतरली. मी बांधावर गर्दीत उभा राहून बघितलं. आवाज तसाच गोड होता. मी त्याच दिवशी साखरशेतला गेलो. वडिलांनी मला काही विचारलं नाही, फक्त नांगर कुठल्या कोपऱ्यात आहे ते बोटानं दाखवलं.

आक्काला मुलगी झाली. सुटली, दोघी सुखरूप. निरोप आला की बारशाला मामा हवा, मामानं आणलेलं अंगडं-टोपडं घातल्याशिवाय पाळण्यात कशी घालायची? मी जाणार नव्हतो. पण वडील म्हणाले, पोरीनं तुझं काय बिघडवलंय, तेव्हा गेलो. भावजी मला बघून तळ्याकडे निघून गेले ते पंगत बसेपर्यंत आले नाहीत. त्यांच्या कमरेला शेडची किल्ली लटकत होती. आक्कानं भाची माझ्या मांडीवर दिली. गरम गरम, डोळे मिटलेली, मूठ आवळलेली. बायका पाळण्याला फुलं बांधत होत्या आणि आम्ही दोघं जरा बाजूला होतो.

"तुझ्यामुळं दिसली ही, भावा," आक्का हळूच म्हणाली.

"माझ्यामुळं कशी? तुम्ही दोघांनी ठरवलं होतं."

"मना वाटलं, तू नाय म्हणशील."

"मी नाही म्हटलं असतं?"

तिनं मान हलवली. नाही म्हणून हलवली, हे तिलाही कळलं आणि मलाही.

"मग विचारायचं होतं, आक्का," मी म्हटलं. "एकदा विचारायचं होतं."

तिनं तोंडाला पदर लावला. तेवढ्यात बायकांनी हाक मारली, पाळणा तयार होता. मी भाचीला तिच्या हातात दिलं, अंगडं-टोपडं उंबऱ्याशी ठेवलं आणि नाव ठेवायच्या आत निघून आलो.